घोडी वाळत चालली असेल तर मसाला किती द्यावा?

तुमचा प्रश्न असा की आठ वर्षांची काठेवाडी घोडी रोज चंदी (धान्याचा खुराक) खाऊनही वाळत चालली आहे, तर अश्वगंधा, शतावरी आणि मेथीचा मसाला किती द्यावा. मसाल्याचं नंतर बघू. उद्या सकाळी ती चारा खात असताना गव्हाणीखाली नीट बघा.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या आमच्या घोडीच्या अशाच बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कुणी बत्तीसा, म्हणजे जनावरांचा बत्तीस जिनसांचा मसाला, सांगितला, कुणी गुळातून अश्वगंधा. दोन महिने सगळं दिलं, फरक शून्य. मग एकदा झाडताना गव्हाणीखाली गवताचे ओले, अर्धवट चघळलेले बोळे सापडले, कणकेच्या गोळ्याएवढे. लिदीतही अख्खे हरभरे! डॉक्टरांनी जबडा उघडा धरून आत हात घातला. दाढांच्या कडा सुरीसारख्या झालेल्या, गाल आतून सोललेले. घोड्याच्या दाढा वर्षाला साधारण २-३ मिलिमीटर वर सरकत राहतात, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यानं वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही, तिला धार येते. बिचारी घास चावायलाच घाबरत होती. डॉक्टरांनी दाढा कानशीनं घासल्या आणि दीड महिन्यात तिचं अंग भरलं. तेव्हा मसाला पूर्ण बंद होता.

म्हणून आधी दात, मग जंतांसाठी लिदीची तपासणी, मग चारा. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला ५-६ किलो सुका चारा पोटात जायलाच हवा. तो कमी ठेवून चंदी वाढवलीत तर पोटशूळाला आमंत्रण. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वर येऊन सुटका होत नाही, हे कायम ध्यानात ठेवा. आणि काढा नळकांड्यानं घशात ओतू नका. फुप्फुसात गेला तर जनावर हातचं जातं.

मी स्वतः थंडीत मूठभर ताजं कुटलेलं जवस देतो, कातडीवर तकाकी येते. तोंड फिरवलं तर थोडी भिजवलेली मेथी. दोन्ही चिमटीनं सुरू करून आठवडाभरात वाढवायचं. अश्वगंधेच्या नावात घोडा आहे तो मुळाच्या वासामुळे, ते घोड्याचं औषध आहे म्हणून नव्हे. घोडी गाभण असेल तर अश्वगंधा अजिबात देऊ नका. माश्या बसू नयेत म्हणून लोक लसूण चारतात, तेही नको. रोज भरपूर दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. स्पर्धेत उतरवणार असाल तर जास्तच जपा. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला काही घोडे मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे बाद झाले होते. वनस्पतीतलं आहे म्हणून चालतं असं तिथे नसतं.

दात दाखवून झाले की लिदीचा रिपोर्ट आणि रोजचा सुका चारा किती पडतो तेवढं लिहा. जवस-मेथीचं प्रमाण तिच्या वजनावरून सांगतो.