अ‍ॅपचं पोट कशावर भरतं, ते आधी विचारा

प्रश्न : ताई, मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे. वय ३२, बी.कॉम., जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा झालीय. पुण्यात गुंतवणुकीचं अ‍ॅप चालवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरची जागा निघाली आहे. मित्र म्हणतात, एमबीए नाही, कोडिंग येत नाही, तुला कोण घेणार? अर्ज करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बिनधास्त करा. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे अ‍ॅपमध्ये काय असावं ते ठरवून सगळ्यांकडून करून घेणारा. या कामाला कोडिंग लागत नाही. एसक्यूएल (साठवलेल्या डेटातून हवी ती माहिती काढायची भाषा) तेवढं शिकून घ्या, नाहीतर एकेका आकड्यासाठी डेटावाल्यांच्या मागे फिरण्यात आठवडा जातो. एमबीए असलं की मुलाखतीचं बोलावणं लवकर येतं, हे खरं. आत गेल्यावर त्याचं नाव कोणी काढत नाही.

तुम्ही वर्षानुवर्षं काउंटरसमोर बसलेला माणूस पाहिलाय. आमच्या धंद्यात हे दुर्मीळ आहे. आमच्या अ‍ॅपमधलंच सांगते. नवी एसआयपी (ठरल्या तारखेला खात्यातून फंडात जाणारा हप्ता) सुरू करताना तारखेच्या रकान्यात आपोआप ५ तारीख पडायची. पगार एक तारखेला होतो असं गृहीत धरून कोणीतरी ती ठेवली होती. पण कितीतरी लहान कारखान्यांत, खाजगी शाळांत पगार सातला नाहीतर दहाला होतो. पाचला खातं रिकामं, त्यामुळे हप्ता परत. फंड कंपनी त्यावर दंड लावत नाही, पण बँक काही शे रुपये कापते आणि वर १८ टक्के जीएसटी. हजाराच्या हप्त्यापायी हा भुर्दंड. लागोपाठ तीन महिने हप्ता चुकला की मासिक एसआयपीच रद्द. ग्राहकाच्या लेखी मात्र पैसे अ‍ॅपनं खाल्ले!

आमच्या बैठकीत यावर चर्चा काय, तर आठवणीचे मेसेज किती पाठवायचे. शेवटी ग्राहक सेवेतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "अहो, त्यांचा पगारच झालेला नसतो." मग 'तुमचा पगार किती तारखेला होतो?' असा एक प्रश्न घालायचं मी सुचवलं. ग्रोथवाले, म्हणजे नवे ग्राहक वाढवणारे, अडून बसले. एक प्रश्न वाढला की काही माणसं अर्ध्यातून निघून जातात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय त्यांचा बोनस सुरू झालेल्या एसआयपींवर ठरायचा. पुढचे हप्ते गेले की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. म्हणून मी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी मोजमापाच्या मागे लागले : किती एसआयपी सुरू झाल्या ते मोजू नका, तिसरा हप्ता किती जणांचा भरला गेला ते मोजा. यात बरेच महिने गेले. मोजमाप बदललं, तेव्हा ग्रोथवालेच विचारायला आले की तो पगाराचा प्रश्न कधी घालताय. तुमचं निम्मं काम असंच असणार. स्क्रीनचं चित्र काढून घ्यायला दोन दिवस पुरतात.

आता मुद्द्याचं. पगार किती, पद काय, यांच्या आधी त्यांना विचारा की कंपनी कमावते कशातून. जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांत डायरेक्ट प्लॅन आले. त्यात वितरकाला कमिशन नसतं. म्हणजे जे अ‍ॅप डायरेक्ट प्लॅन फुकट देतं, त्याला पैसा दुसरीकडून आणावाच लागतो : शेअर आणि ऑप्शनच्या व्यवहारांतून, विम्यातून, क्रेडिट कार्डातून, नाहीतर वैयक्तिक कर्जातून. रेग्युलर प्लॅन विकणाऱ्याला कमिशन मिळतं, सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामकाकडे) नोंदलेला सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. यातलं काहीच पाप नाही. पण जिथून पैसा येतो, त्या बाजूला तुमचं टार्गेट सरकतं. नावाला तुम्ही 'बचत विभागा'चे आणि तिमाहीच्या शेवटी विचारणा कर्ज किती वाटलं याची, असं सर्रास होतं.

तुम्ही तर कर्ज विभागातलेच. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आवळले, ते तुम्हाला ठाऊक असतील : रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात, सगळे खर्च धरून वार्षिक दर आधी दाखवायचा, आणि विचार बदलला तर ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडायची सोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अ‍ॅप-वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण त्यातलंच. पण ज्याची एसआयपी आजच परत गेलीय, त्याला त्याच पानावर 'तुमचं ३ लाखांचं कर्ज मंजूर' अशी पट्टी दाखवायची का? याचा निर्णय तुम्ही घ्याल, किंवा तुमच्याकडून घेतला जाईल. कुठल्या कंपनीत यातलं काय होतं, याचा अंदाज मुलाखतीतच घ्या.

तयारी म्हणून तीन अ‍ॅपवर ५०० रुपयांची एसआयपी सुरू करा आणि मग बंद करून बघा. सुरू करायला किती स्क्रीन लागले, बंद करायचं बटण कुठे दडवलं होतं, हे वहीत लिहा आणि ती वही मुलाखतीला घेऊन जा. आणि हो, पुण्यातल्या घरभाड्याचा हिशेब मांडताना ईसॉपची (पगाराबरोबर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरच्या हक्काची) किंमत शून्य धरा.

प्रश्न : माझी मुलगी बेंगळुरूला अशाच एका कंपनीत आहे. इंजिनिअर असून आता कोड लिहीत नाही. प्रॉडक्ट मॅनेजर आहे म्हणते, पण हाताखाली एक माणूस नाही. दिवसभर नुसती बोलत असते. स्थळांना सांगायचं काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : काकू, लग्नघरात एक आत्या असते बघा. केटरर तिचा नाही, मांडववाला तिचा नाही, गुरुजी तर नाहीतच, पण मुहूर्ताला सगळं जागेवर असतं ते तिच्यामुळे. लेकीचं काम तसलंच. इंजिनिअर, डिझायनर, वकील, बँकेची माणसं, यातलं कोणी तिचं ऐकायला बांधील नाही, म्हणून तर दिवसभर बोलावं लागतं. स्थळांना 'आयटीत आहे' एवढं पुरे. पगाराचा आकडा मात्र तिला विचारूनच सांगा.

प्रश्न : मुलानं माझ्या निवृत्तीच्या पैशांतले काही अ‍ॅपवरून फंडात घातलेत. उद्या अ‍ॅप बंद पडलं तर?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, म्युच्युअल फंडाची युनिट्स अ‍ॅपकडे नसतात. डीमॅट खात्यात घेतलेली नसतील, तर त्यांची नोंद फंड कंपनीकडे आणि कॅम्स किंवा केफिनटेक या रजिस्ट्रारकडे असते. अ‍ॅप बंद पडलं तरी पैसे फंडाकडून थेट काढता येतात. फक्त अ‍ॅपवरच घेतलेलं 'डिजिटल सोनं' यात धरू नका, ते सेबीच्या देखरेखीखाली येत नाही. एक गोष्ट मात्र आजच तपासा. फोलिओवर (फंडातल्या तुमच्या खात्यावर) मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचा आहे की मुलाचा? बऱ्याच घरांत मुलाचाच असतो, आणि मग ओटीपीसुद्धा त्याच्याकडे जातो. तो बदलून घ्या, नॉमिनीचं नाव बघा, आणि दोन्ही रजिस्ट्रारांकडचं मिळून एकत्रित स्टेटमेंट ई-मेलवर मागवा. त्याला पैसे पडत नाहीत.