वाचकांचे प्रश्न : तळ्यातले एकपेशीय जीव खाताना कसे पाहावेत?

घरी ४० ते ४०० पट दाखवणारा साधा मायक्रोस्कोप आहे. तळ्याच्या पाण्यात पॅरामेशियम भरपूर सापडतात, पण ४०० पटीवर नेलं की ती निसटतात. अन्नरिक्तिका, म्हणजे पेशीत घास साठवणारे बुडबुडे, तर एकदाही धड दिसल्या नाहीत. जास्त ताकदीचं भिंग घ्यावं का?
— एक वाचक, सांगली

भिंगावर खर्च करू नका. ४० च्या वस्तुभिंगातून, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगातून (डोळ्याजवळच्या १० च्या भिंगासह ४०० पट), दिसणारं वर्तुळ साधारण ०.४५ मिलिमीटर रुंद असतं आणि पॅरामेशियम सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर पोहतं. अर्ध्या सेकंदात ते नजरेआड होणारच. १० च्या वस्तुभिंगात हेच वर्तुळ १.८ मिलिमीटरचं होतं आणि खाणं पाहायला ही १०० पट वाढ पुरेशी आहे. खरी अडचण अन्नाची आहे. पॅरामेशियमचं रोजचं अन्न म्हणजे जिवाणू. पारदर्शक पेशीच्या आत पारदर्शक घास दिसणार कसा? म्हणून त्याला रंगीत घास द्यायचा.

त्यासाठी काँगो रेडमध्ये उकळलेलं यीस्ट वापरतात. एक ग्रॅम कोरडं यीस्ट, ३ ते ४ मिलिलिटर पाणी आणि सुमारे १० मिलिग्रॅम काँगो रेड, म्हणजे टूथपिकच्या टोकावर राहील एवढी भुकटी, परीक्षानळीत मिसळा. नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभी धरा. थेट ज्योतीवर धरली तर मिश्रण उसळून बाहेर येतं. उकळण्याची पायरी गाळू नका, कारण जिवंत यीस्ट रंग नीट धरत नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. काँगो रेड हा बेंझिडीनपासून बनवलेला रंग आहे. हातमोजे घाला, भुकटी उडू देऊ नका, स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्याला लावू नका आणि हे काम मुलांवर सोपवू नका.

आता थेंब. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली, म्हणजे थेंब झाकायच्या पातळ काचेखाली, तो पसरला की पाण्याचा थर ०.१ मिलिमीटर जाड होतो. पॅरामेशियमला पोहता येईल, पण फोकसच्या वर-खाली फार पळता येणार नाही, अशी ही जाडी आहे. कव्हरस्लिप १८ मिलिमीटरची असेल तर तोच थर ०.१५ मिलिमीटरचा होतो आणि जीव सारखे फोकसबाहेर जातात. अशा वेळी टिश्यू पेपरच्या टोकाने कडेचं थोडं पाणी टिपून घ्या. झाकण्याआधी थेंबात कापसाचे चार-पाच तंतू विंचरून, विरळ पसरून ठेवले की जीव त्यांच्यामधल्या जागेत थबकतात. वेग कमी करायला मिथिल सेल्युलोज घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण खाणं पाहायचं असेल तेव्हा आम्ही तो देणार नाही. त्या घट्ट पाण्यात पक्ष्माभिकांची, म्हणजे पेशीवरच्या केसांसारख्या हलत्या तंतूंची, हालचालही मंदावते आणि घास तोंडापर्यंत आणणारा प्रवाह त्यांच्याच जोरावर चालतो.

रंगीत यीस्टमध्ये टूथपिक बुडवा आणि तिचं टोक थेंबाला नुसतं टेकवा. थेंब नुसत्या डोळ्यांनी लालसर दिसला तर यीस्ट जास्त झालं. दाण्यांच्या गर्दीत पेशीच दिसणार नाही.

एक-दोन मिनिटांत एखादं पॅरामेशियम तंतूशी थांबेल. त्याच्या बाजूच्या मुखखाचेत लाल दाणे ओढले जाताना दिसतात. खाचेच्या तळाशी एक बुडबुडा फुगत जातो, आतले दाणे गरगरतात आणि पुरेसा फुगला की तो सुटून पेशीच्या मागच्या टोकाकडे निघतो. तो निघायचा अवकाश, त्याच जागी दुसरा फुगायला लागतो. ही अन्नरिक्तिका. सुटलेल्या एकाच रिक्तिकेवर नजर ठेवा. काँगो रेड सामू (पीएच) ५ च्या वर लाल आणि ३ च्या आसपास किंवा खाली निळसर जांभळा असतो. आधी रिक्तिकेत आम्ल येतं, म्हणून काही मिनिटांत तिचा रंग लालवरून जांभळ्याकडे सरकतो. नंतर आम्लता उतरते, पाचक विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि लाली परत येते. पेशीभर फिरून उरलेला चोथा मागच्या भागातल्या एका ठरावीक जागीच बाहेर टाकला जातो. त्याला वीसेक मिनिटं किंवा जास्तही लागतात, म्हणून कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ ओढून थेंब सुकू देऊ नका.

रंग बदललेला कळला नाही, असं बरेच जण कळवतात. यात दोष बहुतेक वेळा उजेडाचा असतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात जांभळा रंग मळकट तपकिरी दिसतो. पांढरा एलईडी लावा आणि डायफ्रॅम, म्हणजे स्लाइडखालची उजेड कमी-जास्त करणारी झडप, उघडा ठेवा. पेशीच्या कडा आणि पक्ष्माभिका पाहताना तो बंद करत आणायचा असतो, रंग पाहताना नेमका उलट.

टिकलीएवढ्या हिरव्या पाणवनस्पतीच्या मुळावर देठावरच्या घंटा दिसल्या. दचकल्यासारख्या आखडतात. शेजारीच डोक्यावर दोन चाकं फिरवणारा प्राणी होता. दोन्ही एकाच जातीचे का?
— एक शिक्षिका, चिपळूण

नाही. घंटा म्हणजे व्हॉर्टिसेला, एक पेशी. चाकंवाला रोटिफर बहुपेशीय आहे. त्याच्या अंगात सतत हलणारे जबडे दिसतील आणि मागे पकड घेणारी बोटं असलेला पाय दिसेल. चाकं खरी फिरत नाहीत. पक्ष्माभिका ओळीने हलतात त्याचा तो भास.

नव्याने पाहणाऱ्यांनी सुरुवात पॅरामेशियमने न करता व्हॉर्टिसेलानेच करावी, असं आमचं ठाम मत आहे. तो देठाने चिकटलेला असल्यामुळे पळत नाही. १७०२ साली डेल्फ्टच्या लेवेनहूक यांनी अशाच पाणवनस्पतीच्या मुळांवरचे हे जीव पाहून पत्रात त्यांचं वर्णन केलं होतं. मुळाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा कापून थेंबात ठेवा. कव्हरस्लिपच्या कोपऱ्यांना व्हॅसलिनचे छोटे ठिपके लावून ती उचललेली ठेवा, नाहीतर देठ चिरडतात. कव्हरस्लिपच्या एका कडेला पाण्यात पातळ केलेली काळी इंडियन इंक टूथपिकने टेकवा. लाख घातलेली जलरोधक शाई घेऊ नका, ती जिवांना घातक ठरते. घंटा पाच-दहा मिनिटं आखडून बसतील. त्या वेळात स्लाइड हलवू नका. मग एकेक उघडते आणि काळे कण तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना भोवऱ्यात फिरताना दिसतात. बरेचसे कण बाहेर फेकले जातात, थोडे आत जातात आणि थोड्याच वेळात पेशीत काळ्या गोळ्या जमतात. १०० पटीवर भोवरा पाहा, गोळ्यांसाठी ४०० पटीवर जा.

भाताचा पेंढा पाण्यात भिजवून पॅरामेशियम वाढवायचा प्रयत्न केला. पाणी काळं पडून घाण वास आला आणि जिवाणूंखेरीज काहीच मिळालं नाही. काय चुकलं?
— एक विद्यार्थी, भंडारा

पेंढा जास्त झाला आणि बहुधा बरणीचं झाकण घट्ट होतं. कुजणाऱ्या पेंढ्यावर जिवाणू इतके माजतात की पाण्यातला प्राणवायू संपतो. अर्धा लिटर पाण्याला ५ ग्रॅम पेंढा पुरे. कीटकनाशक फवारलेला पेंढा घेऊ नका. नळाचं पाणी क्लोरीन उडून जायला एक दिवस उघडं ठेवा. आरओचं पाणी टाळा, त्यात क्षार फार कमी असतात. पेंढा कापून दहा मिनिटं उकळा, रुंद तोंडाच्या बरणीत निववा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. पाणी गढूळ झालं की जिवाणू वाढले. आता त्यात तळ्याचं २० ते ३० मिलिलिटर पाणी घाला, तळाच्या कुजलेल्या पानाच्या तुकड्यासह. बरणीत अगोदर चिमुकले कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) जीव वाढतात, मग छोटे पक्ष्माभिकाधारी आणि त्यानंतर पॅरामेशियम. आठवडाभर वाट पाहावी लागते. तिसऱ्या दिवशी बरणी ओतून टाकणारे खूप आहेत.

बरणीमागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारा. पृष्ठभागावरच्या सायीच्या लगेच खाली, काचेच्या कडेशी पांढरे ठिपके हलताना दिसतील. ड्रॉपर तिथेच लावा. मधलं पाणी घेतलं तर रिकामा थेंब हाती येतो. पुढे दर आठवड्याला उकडलेला गव्हाचा एक दाणा टाकला की अन्न पुरतं. बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं ताणून बांधाच, नाहीतर घरात डास वाढतील.

अमिबा सापडतच नाही. सापडला तर खाताना दिसेल का?
— एक वाचक, पणजी

पाणी वरून घेत असाल तर सापडणार नाही. तो तळाच्या कुजक्या पानांवर असतो. पानाची खालची बाजू सुरीच्या पाठीने खरवडून तो गाळ बशीत घ्या. थोडा गाळ स्लाइडवर घालून दहा मिनिटं न झाकता ठेवा. अमिबा काचेला चिकटतो. मग वरचं पाणी बदलून वर सांगितलेल्या पेंढ्याच्या बरणीतले छोटे पक्ष्माभिकाधारी जीव घाला आणि व्हॅसलिनचे ठिपके देऊन झाका. प्रकाश मंद हवा, कारण प्रखर उजेडात अमिबा हालचाल थांबवतो. ज्या छद्मपादाचं (अमिबा पुढे काढतो त्या तात्पुरत्या पायाचं) टोक पसरट होऊन वाटीसारखं खोलगट व्हायला लागलंय, त्यावरून नजर हलवू नका. भक्ष्य त्या वाटीत शिरलं की कडा जुळतात. आत कोंडलेला जीव पुढची काही मिनिटं फिरताना दिसतो. भुकेला अमिबा हवा असेल तर एक दिवस अन्नाविना स्वच्छ पाण्यात ठेवा. पोट भरलेला अमिबा भक्ष्याला स्पर्श करूनही पुढे सरकतो.

गाळ हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पिपेट तोंडाने ओढू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी विशेष जपावं, तळ्याच्या पाण्यातल्या अकँथअमिबाने डोळ्याच्या बुबुळाला गंभीर संसर्ग होतो.

शाळेत फक्त फोल्डस्कोप आहे. यातलं काय जमेल?
— एक शिक्षक, नंदुरबार

स्टॅनफर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला हा कागदी मायक्रोस्कोप १४० पट दाखवतो, म्हणजे लाल अन्नरिक्तिका त्यात दिसायला हव्यात. थेंब निम्मा घ्या, कव्हरस्लिप वापराच आणि मोबाइलच्या टॉर्चवर टिश्यू पेपरचा एक पदर ठेवा. व्हॉर्टिसेलाचा भोवरा यात पाहायला जास्त सोपा, कारण हातात धरलेल्या फोल्डस्कोपने पोहणाऱ्या जिवाचा पाठलाग करणं अवघड असतं. मुलं जास्त असतील तर मोबाइलचा कॅमेरा भिंगाला जोडून चित्रफीत घ्या आणि रंगबदल वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवा.