एकट्याने तग धरण्याची स्पर्धा: वाचकांच्या शंका

माणसाला जंगलात एकटे सोडून तो किती दिवस टिकतो हे पाहणाऱ्या ‘अलोन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

स्पर्धक खरोखर एकटा असतो का? घरी सगळे म्हणतात, कॅमेरावाला शेजारी बसलेला असणार. (अमळनेर)

एकटाच असतो. हिस्टरी वाहिनीवर २०१५ साली ही स्पर्धा सुरू झाली. बहुतेक पर्वांत दहा जणांना वेगवेगळ्या ठिकाणी सोडतात. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. चित्रण ज्याचे त्यानेच करायचे असते, म्हणजे उपाशीपोटी लाकडे तोडायची आणि त्यासाठी कॅमेराही आधी आपणच लावून यायचा. डॉक्टरांचे पथक मधूनमधून येऊन वजन आणि प्रकृती तपासते. सॅटेलाइट फोनवरून कळवले की न्यायला माणसे येतात आणि त्याची स्पर्धा तिथे संपते. मागे किती जण उरले, हे कोणालाच सांगत नाहीत. पहिल्या पर्वात कॅनडाच्या व्हँकूवर बेटावर ॲलन के ५६ दिवस राहिले आणि पाच लाख डॉलर जिंकले. सातव्या पर्वाचा नियम वेगळा होता: १०० दिवस काढले तर दहा लाख डॉलर. ते रोलंड वेल्कर यांनी काढले.

दहा वस्तू निवडायची मुभा असते. त्यांत सर्वांत उपयोगी कोणत्या? (चोपडा)

झोपायची उबदार पिशवी, ठिणगी पाडणारी फेरो सळई आणि भांडे या तीन वस्तू जवळपास प्रत्येक जण घेतो. भांडे नसेल तर पाणी उकळता येत नाही, आणि न उकळलेल्या पाण्याने जुलाब लागले की खेळ संपला. पुढे करवत किंवा कुऱ्हाड, गळ आणि दोरी, फाशाची तार, धनुष्यबाण. गळाच्या एका निवडीत ३०० यार्ड दोरी आणि २५ गळ मिळतात. शिध्याचे पाकीट मात्र आम्ही शेवटी ठेवू. ते दोन-चार दिवसांत संपते, तर पाण्यात सोडलेली गळाची दोरी तुम्ही झोपेत असतानाही काम करते.

सळईबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ठिणगी ओल्या सळईतूनही पडते. विस्तव पेटत नाही तो भुशामुळे आणि काड्यांमुळे. सावरीचा कापूस भपकन पेटतो आणि क्षणात विझतो. म्हणून आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या ओंजळभर, मग करंगळीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या अशा तीन ढिगाऱ्या तयार ठेवायच्या आणि ठिणगी सर्वांत शेवटी.

ससे आणि मासे मिळत असूनही माणसे इतकी खंगतात कशी? (फैजपूर)

हिशेब करून पाहा. थंडीत काम करणाऱ्या माणसाला दिवसाला किमान २,२०० कॅलरी लागतात असे धरू. माशांतून ७०० मिळाल्या तर रोज १,५०० कमी पडतात. शरीरातील एक किलो चरबीतून साधारण ७,७०० कॅलरी निघतात, म्हणजे पाच दिवसांत एक किलो गेली. साठ दिवसांत जवळपास बारा किलो, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात म्हणून काट्यावर घट त्याहून मोठी दिसते. बरेच स्पर्धक येण्याआधी मुद्दाम वजन वाढवून येतात ते यासाठी.

सशाची अडचण आणखी वेगळी आहे. त्याच्या मांसात चरबी फार थोडी. प्रथिनांतून निघणारा नायट्रोजन युरियात बदलून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे रोजची बहुतेक ऊर्जा नुसत्या प्रथिनांतून घेता येत नाही. तसे केले की मळमळ, जुलाब आणि पोट भरूनही न शमणारी भूक सुरू होते. म्हणून जाणते स्पर्धक माशाचे डोके, कातडी आणि आतली चरबी टाकत नाहीत. सहाव्या पर्वात जॉर्डन जोनास यांनी मूस हे सांबरासारखे प्रचंड जनावर मारले, पण साठवलेली चरबी वूल्व्हरिन या प्राण्याने पळवली. मांस भरपूर उरूनही तो मोठा फटका होता. तरी ते ७७ दिवस टिकून जिंकले.

आमच्या मंडळाच्या पोरांनी मे महिन्याच्या सुट्टीत सातपुड्यात अशीच तीन दिवसांची स्पर्धा घ्यायचे ठरवले आहे. नियम कसे ठेवावेत? (शहादा)

मे महिना आणि सातपुडा, दोन्ही बदला. हे आम्ही आग्रहाने सांगतो आहोत.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे रानात ससा, तितर किंवा रानडुकराला फासा लावणे गुन्हा आहे. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय जाताही येत नाही. त्यात उन्हाळ्यात सागाचा पाचोळा वाळून कुरकुरीत झालेला असतो. एका चुलीतून डोंगरउतार पेटतो.

मग ऊन. मूळ स्पर्धा बहुतेक वेळा थंड प्रदेशांत होते, तिथे शत्रू भूक आणि गारठा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि काम करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. भुकेने माणूस आठवड्यांनी कोसळतो, उष्माघाताने एका दुपारीत. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला की घाम येत असला तरी उष्माघातच समजा: सावलीत आणा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता घ्यायचीच तर अशी घ्या. डिसेंबर-जानेवारी, दोन रात्री, मंडळातल्याच कोणाच्या तरी कोरडवाहू शेतात, मालकाला सांगून. केळीच्या बागा आणि उसाचे फड टाळा. तिथे बिबट्याचा वावर असू शकतो. दोघांमध्ये दोन-तीन बांधांचे अंतर पुरे.

झोपण्यासाठी खाट सक्तीची ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना अंथरुणात चावतो आणि कित्येकदा चावल्याची खूणही दिसत नाही. खाटेवर वीतभर कडबा झटकून पसरा, वर गोधडी, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गोधडीखाली खोचा. धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा खाटेखालून येणारा गारवा अडवणारा हा कडबाच असतो. चूल मात्र त्यापासून दहा पावले लांब. पऱ्हाट्या लवकर पेटतात पण निखारा धरत नाहीत. रात्रीसाठी बाभळीचे लाकूड हवे.

पाणी प्रत्येकाला दिवसाला पाच लिटर मोजून द्या. पाण्यात काटकसर करायला लावणारा नियम ठेवूच नका. औषध फवारणीचे रिकामे कॅन कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरायचे नाहीत. जुलाब लागलेच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाने फोन करायचा. पंधरा मिनिटांत फोन आला नाही तर कोणीतरी तिथे जायचेच. म्हणून रेंज आधी तपासा आणि गळ्यात शिट्टी द्या. सुरुवातीला वजन करा, रोज सकाळी पुन्हा करा. शंभराला तीनपेक्षा जास्त घट, म्हणजे ६० किलोच्या मुलाची १.८ किलो, झाली की त्याला बाहेर काढा. मधुमेह, फेपरे किंवा हृदयविकार असलेल्यांना घेऊ नका. सर्प चावल्यास चिरा देणे, आवळून बांधणे काही नाही. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठायचे. सर्पविषावरील लस जवळ कुठे मिळते ते स्पर्धेआधीच विचारून ठेवा.

माघार घेणाऱ्याची टिंगल होणार असेल तर तो फोन उचलणार नाही आणि वरचे सगळे नियम कागदावर राहतील. माघार घेणाऱ्याला इतरांइतकेच प्रमाणपत्र द्या.

धडधाकट माणसे पहिल्याच दिवशी का परततात? (पाचोरा)

पहिल्या पर्वात एक स्पर्धक अस्वलांच्या धास्तीने पहिल्या रात्रीतच परतला. उशिरा जाणारे बहुधा घरच्यांच्या ओढीने जातात, पण त्या ओढीत भुकेचाही वाटा असतो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. ती मुले चिडचिडी आणि उदास झाली, त्यांच्या मनात सतत अन्न घोळे. म्हणून एकटेपणावर पहिला उपाय पोटात काहीतरी जाणे, आणि दुसरा हाताला ठरलेले काम.

उलटही घडते: मन तयार असते, शरीर नसते. पॅटागोनियातील तिसऱ्या पर्वात कार्ली फेअरचाइल्ड यांना ८६ व्या दिवशी वजन फार घटल्यामुळे डॉक्टरांनी बाहेर काढले. झॅकरी फाउलर ८७ व्या दिवशी जिंकले.

परत आल्यावर ते पोटभर जेवतात का? (धरणगाव)

लगेच जेवू नये. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भात, पोळी, गोड पोटात गेले की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. थोड्या कॅलरींपासून सुरू करून काही दिवसांत आहार वाढवतात, सोबत रक्ततपासणी आणि थायमिन हे जीवनसत्त्व. एक-दोन दिवसांच्या उपवासाला यातले काही लागत नाही. मात्र दहा-बारा दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला कोणत्याही कारणाने ही वेळ आली, तर पहिले जेवण डॉक्टरांना विचारून द्यावे.