परदेशातील व्यक्तिचित्र आणि समोरचा माणूस

आपण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आता बर्लिनमध्ये राहता. तिथल्या ओळखीच्या तुर्की दुकानदाराचे व्यक्तिचित्र एखाद्या पर्यटकाने टिपलेल्या फोटोसारखे उतरले, आणि आपुलकी कुठे हरवली ते कळत नाही, असा आपला प्रश्न आहे. आपण जोडलेले चित्र पाहिले. रेखाटनात खोट नाही. मात्र टोपी, मिशा आणि ऑलिव्हच्या बरण्या यांवर जितके लक्ष दिले आहे, तितके डोळ्यांवर दिलेले नाही.

व्हीटीच्या फलाटावर झोपलेले हमाल न विचारता रेखाटण्याची आपल्याकडची जुनी सवय हात मोकळा होण्यासाठी उत्तमच आहे. पण तिच्यातून पेशा आणि पेहराव हाती लागतो, व्यक्ती नव्हे; आणि परक्या देशात तर पेहरावच आधी डोळ्यांत भरतो.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्लला आला, तेव्हा तिथे तोही परकाच होता. स्टेशनवर टपालाचे काम पाहणाऱ्या जोसेफ रूलँचे पहिले चित्र त्याने काढले, त्यात निळा गणवेश आणि खुर्चीवर जरा अवघडून बसलेला माणूस दिसतो. चित्रासाठी बसण्याचे रूलँ पैसे घेत नसे, त्यामुळे त्याच्यासोबतच्या खाण्यापिण्यावर जास्तच खर्च होतो, असे व्हिन्सेंटने एका पत्रात लिहिले होते. (मॉडेलच्या मानधनाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.) पुढे त्याने रूलँची पत्नी आणि तिन्ही मुले रंगवली, स्वतः रूलँलाही पुन्हा पुन्हा रंगवले, आणि नंतरच्या चित्रांत खुर्ची व हात गळून चेहरा, दाढी आणि मागची फुलेच उरली. सहानुभूती पहिल्याच बैठकीत येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसहून भारतात परतल्यानंतर तिने १९३५ मध्ये ‘तीन मुली’ रंगवले आणि १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यात पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आहे, प्रदेश ओळखू यावा म्हणून मांडलेली एकही वस्तू नाही, तरीही त्या मुलींच्या मनावरचे ओझे जाणवते.

म्हणून पुढच्या वेळी बरण्या वगळून पाहा. दुकानदाराला आपल्याच उंचीवर बसवा, म्हणजे आपली नजर वरून पडणार नाही. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोवरून काम करू नका, कारण त्यात नाक मोठे आणि कान लहान दिसतात. त्वचेसाठी तयार रंगाची ट्यूब वापरू नका. ढगाळ प्रकाशात सावल्या मऊ होतात आणि मुंबईच्या उन्हातले आपले ठरलेले मिश्रण तिथे खोटे वाटते. तोही परमुलखातला, आपणही परमुलखातले, म्हणून दोघांचे दुःख एकच असे मात्र गृहीत धरू नका. त्याचा जन्म कदाचित बर्लिनमध्येच झाला असेल. ते त्यालाच विचारा, काम करता करता बोलू द्या.

प्रदर्शनाबद्दल आपण विचारले आहे. अर्धवट चित्रही त्याला दाखवा, आणि गॅलरीत लावण्यास त्याचा नकार असेल तर लावू नका, मग चित्र कितीही जमलेले असो.