गड्डा, नातवंडं आणि म्युनिकची शाळा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. मुलगा-सून म्युनिकला असतात. नातू आठ वर्षांचा, नात चारची. दोघांनीही अजून गड्डा, म्हणजे आपली संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, पाहिलेला नाही. यंदा संक्रांतीला या म्हटलं, तर मुलगा म्हणतो शाळा सोडत नाही. तिसरीतल्या पोराला कसली आलीय एवढी शाळा? ‘ताप आला म्हणून चिठ्ठी द्या’ असं सुचवलं तर सूनबाई फोनवर गप्पच झाल्या. मला हे न येण्याचं निमित्त वाटतं. आले तरी आठ दिवस इथे, की लगेच गोवा. शिवाय नातवाला मराठी कळतं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये देतो. काय करावं?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : ताई, निमित्त नाही हो. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं ही कायद्याने पालकांवरची सक्ती आहे, आणि ‘गावी यात्रा आहे’ या कारणावर शाळा रजा देईलच असं नाही. सुट्टीला जोडून मूल आजारी पडलं, तर शाळा डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू शकते. 2018 साली म्युनिकपासून फार लांब नसलेल्या मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टी लागायच्या आधीच निघालेल्या शाळकरी मुलांच्या आईबापांना गाठलं होतं. प्रकरण दंडापर्यंत जातं. इंग्लंडमध्येही तीच तऱ्हा : ऑगस्ट 2024 पासून विनापरवाना गैरहजेरीला दर मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, आणि 21 दिवसांत भरले नाहीत तर 160. तुमच्या तापाच्या चिठ्ठीवर सूनबाई काय बोलणार? सासूला खोटं बोलू नका म्हणायचं तरी कसं!

मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. गड्ड्याच्या दिवसांत माझा वर्ग निम्मा रिकामा असायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. त्यामुळे तुमचं म्हणणं मला कळतं. बाराबंदीचा अंगरखा घातलेला एकटा माणूस ती नंदीध्वजाची उंच काठी कमरेशी पेलत चालतो, ते नातवाने बापाच्या खांद्यावर बसून बघावं, ‘हर्र बोला हर्र’ कानावर पडावं, असं कोणत्या सोलापुरी आजीला वाटणार नाही? पण म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातली नाताळची सुट्टी 6 जानेवारीच्या आसपास संपते आणि आपल्या गड्ड्यातला अक्षता सोहळा संक्रांतीच्या तोंडावर. हा मेळ पोरगा शाळेत आहे तोवर बसायचा नाही. नातीला अजून शाळेची सक्ती नाही, तेव्हा तिला घेऊन एकटी सून येऊ शकते, हे खरं. मी मात्र तसं सुचवणार नाही. एकीला गड्डा आणि दुसऱ्याला फोटो, यावरून त्या घरात वर्षभर भांडण पुरेल.

त्यांच्या शाळेचं वेळापत्रक मागवून घ्या आणि तुमच्या कॅलेंडरशेजारी टांगा. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे बहुतेक वर्षी आपला श्रावण. नारळी पौर्णिमा त्या सुट्टीत आली, तर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तो दाखवा. श्रावणी सोमवारी तळ्यातल्या सिद्धेश्वराला न्या. एखाद्या वर्षी गणपतीही सापडतील. मे महिन्याचा हट्ट मात्र चुकूनही धरू नका. आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ती पोरं कूलरसमोरून हलायची नाहीत.

गोव्याचं म्हणाल तर त्यांनी जावं. दोघंही वर्षभर ना आई जवळ ना सासू अशा घरात मुलं सांभाळतात. फक्त क्रम बदला : आधी सोलापूर, मग गोवा. पहिले आठ-दहा दिवस मुलं तुमच्यात रुळली, की दोघांनाच चार दिवस जाऊ द्या आणि मुलं ठेवून घ्या. हे तुम्ही आपणहून सांगितलंत, तर पुढच्या वर्षीची तिकिटं लवकर निघतील, असा माझा अंदाज आहे. आणि नातेवाइकांकडची वरात बंद. रोज दोन घरी पोहे आणि ‘ओळखलंस का मला?’ यात कोणाचंही पोर चिडचिडं होतं. ज्यांना भेटायचंय त्यांना एका रविवारी तुमच्याकडेच जेवायला बोलवा.

मराठीचं म्हणाल तर आपण सोलापूरकरांनी यावर घाबरावं म्हणजे कमालच. पूर्व भागातलं पोर घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी आणि एखादं आजोळी कन्नडही बोलतं. त्यांना कुणी धडे दिले? गरज पडली, बोलले. नातवाला पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ करू नका. शेजारच्या पोरांबरोबर कोथिंबीर आणायला पाठवा, पैसे त्याच्या हातात द्या. चूक बोलला तर हसू नका, तुम्ही बरोबर वाक्य सहज बोलून पुढे चला. जेवणाचंही तसंच. शेंगाची चटणी पहिल्या दिवशी कोरडी वाढू नका, दह्यात कालवून द्या. कडक भाकरी मुलांना बहुधा आवडते, ती कुडुमकुडुम वाजते म्हणून.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या : कुत्री. जर्मनी 2008 पासून जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे, त्यामुळे तिकडची मुलं दिसेल त्या कुत्र्याला कुरवाळायला धावतात. येण्याआधीच व्हिडिओ कॉलवर सांगून ठेवा, आल्यावर पुन्हा सांगा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही नको. मुलाला म्हणावं, निघण्याआधी दीड-दोन महिने तिथल्या बालरोगतज्ज्ञाला टायफॉइड आणि रेबीजच्या लसींचं विचार. ‘घरीच तर चाललोय’ म्हणून लोक हेच टाळतात.

मुंबईला विमान रात्री-अपरात्री उतरलं, तर तिथूनच टॅक्सीने सोलापूर गाठायचा उद्योग करू नये. ड्रायव्हरलाही झोप असते. मुंबईतच झोप काढून दुपारची वंदे भारत धरावी, साडेसहा तासांच्या आसपास घरी. आणि उन्हाळी वेळेत म्युनिक आपल्या साडेतीन तास मागे असतं. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे नातवंडांचे संध्याकाळचे सहा. पहिले तीन-चार दिवस ‘झोपा आता’ म्हणून ओरडू नका.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, तिचा ब्रिटिश पासपोर्ट नवा काढला. ओसीआय कार्डही (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) पुन्हा काढावं लागेल का? दिवाळीत माहेरी सोलापूरला यायचंय.
– एक सोलापूरकर, लंडन

उत्तर : नाही. 2021 मध्ये नियम सोपा झाला. विसाव्या वर्षानंतर पहिला नवा पासपोर्ट मिळाला की एकदा कार्ड बदलायचं. तोवर दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या पोर्टलवर पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो अपलोड करायचा, त्याला फी नाही. तिकीट काढण्याआधीच हे उरकून टाका. आणि तिकिटावरचं नाव नव्या पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही बघून घ्या.