वाचक विचारतात : दुधाची पिशवी चालते, मग वेफर्सचं पाकीट का नको?

प्रश्न : आमचा भंगारवाला दुधाच्या पिशव्या किलोवर घेतो, वेफर्सची पाकिटं मात्र फुकटही नको म्हणतो. दोन्ही प्लास्टिकच ना?
– एक वाचक, कोथरूड

दुधाची पिशवी सगळी पॉलिथिलीनची. धुऊन वितळवली की तिचे दाणे पडतात आणि त्या दाण्यांना गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या पाकिटात एकावर एक चिकटवलेले प्लास्टिकचे थर असतात, मध्ये ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा. हे थर सुटे करायला लागणारा खर्च हाती येणाऱ्या मालातून निघत नाही. त्यात पाकीट वजनाला काहीच नाही. पोतं गच्च भरलं तरी काटा जेमतेम हलतो, टेम्पोचं भाडं मात्र तेवढंच. म्हणून हा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातो.

ओळखायचं असेल तर ताणून बघा. दुधाची पिशवी लांबते आणि ताण बसतो तिथे पांढुरकी पडते. वेफर्सचं पाकीट ताणलं जात नाही, एकदम टरकतं.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नका, लोंबता ठेवा. सुटलेला तुकडा कोणी वेचत नाही, तो थेट गटारात जातो. पिशवी लगेच विसळून उलटी वाळत घाला. आत दूध राहिलं तर दोन दिवसांत आंबतं, आणि चार घाण पिशव्यांपायी अख्ख्या गठ्ठ्याचा भाव पडतो.

प्रश्न : पाण्याच्या बाटलीचं टोपण वेगळं द्यायचं का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

गरज नाही. बाटली चेपा आणि टोपण परत लावा. कारखान्यात चुरा पाण्यात सोडला की टोपणाचा तरंगतो, पेटचा, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकचा, तळाशी बसतो. खरा घात पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा. काही बाटल्यांना आवळून बसवलेलं वेष्टन त्याचं असतं. तोही पाण्यात बुडतो, त्यामुळे वेगळा होत नाही. पेट वितळायला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, तोवर पीव्हीसी कुजून आम्ल सोडतो आणि सगळा माल पिवळा पडतो. तेव्हा असं घट्ट वेष्टन फाडूनच द्या.

प्रश्न : कचरा न्यायला येणाऱ्या ताई सुका माल विकतात. मग सोसायटीने दरमहा शुल्क कशाला द्यायचं?
– सेक्रेटरी, वडगाव बुद्रुक

कारण विकला जातो तो पुठ्ठा, बाटल्या आणि पत्रा. ओला कचरा, डायपर, ती वेफर्सची पाकिटं कोणी विकत घेत नाही, पण उचलावी तर लागतातच. शुल्क त्या दारोदार फिरण्याचं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ची, तिच्यातूनच पुढे घरोघरचा कचरा उचलणारी त्यांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था उभी राहिली. त्या व्यवस्थेत ताईंच्या कमाईला दोन पाय आहेत, शुल्क आणि भंगार. काही सोसायट्या पुठ्ठा आधीच विकून ते पैसे सोसायटीच्या खात्यात भरतात आणि ताईंच्या हाती नुसती घाण देतात. आमच्या मते हा कद्रूपणा आहे.

पुठ्ठा कोरडा ठेवा, खोकी उलगडून सपाट करा. भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन दुकानदार अंदाजाने कापतो आणि तो अंदाज नेहमी त्याच्याच बाजूचा असतो. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून वेगळा टाका, झाकण पुठ्ठ्यात चालेल. सॅनिटरी पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ते पुडकं कोणाला उघडून बघावं लागत नाही.