कन्नड कसं आलं, ते आधी सांगा

‘माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. तिकडं इंग्रजी कधी येणार आणि नोकरी कधी लागणार?’ खानापूर, निपाणी, बेळगाव भागातून लग्नामुळं किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळं परदेशी गेलेल्या मुली हा प्रश्न हमखास विचारतात. त्यातही ज्या इथं शिक्षिका होत्या, त्या जास्त धास्तावलेल्या असतात. असं का, ते मला एका बाईंशी बोलताना नीट उमगलं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहितेय.

बाई खानापूर तालुक्यातल्या. बी.एड. झालेल्या, मराठी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलेल्या. नवऱ्याला कॅनडात कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि सगळे टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेले. तिथं गेल्यावर बाई घरातच मिटून गेल्या. मुलीच्या शाळेतून फोन आला की तो नवऱ्याच्या हातात द्यायच्या. नवरा कामावर असला की मुलगीच आईच्या वतीनं बोलायची. बाईंच्या बेळगावातल्या बहिणीनं मला गाठलं आणि व्हिडिओ कॉलवर आमचं बोलणं सुरू झालं. इकडं संध्याकाळ, तिकडं सकाळ.

“मॅडम, ग्रामर मी सगळं करतो,” त्या म्हणाल्या. आमच्या भागात बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. “टेन्स पाठ आहेत. पण बोलाय गेलो की घशातनं आवाजच येत नाही.”

खरंच व्याकरणात खोट नव्हती. परीक्षेच्या तयारीचे व्हिडिओ त्या तासन्‌तास बघायच्या. बाहेरच्या माणसाशी मात्र एक वाक्य नाही. मी विचारलं, “बोलताना चुकलं तर काय होईल असं वाटतं?” बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी पोरांच्या वह्या तपासल्यात. आता मलाच कोणी तांबड्या पेननं खुणा करायला लागलं तर?”

भीतीचं मूळ हे होतं. शिक्षिकेची सगळी पत तिच्या भाषेवर उभी असते. ‘बाईंना विचारा’ असं गावानं म्हणायचं, आणि तिकडं दुकानात दूध मागतानाही वाक्य मनात तीनदा जुळवायचं. सासरचे म्हणत, इंग्लिश मिडियमला घातलं असतं तर ही वेळ आली नसती. मला हे अजिबात पटत नाही. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी मांडलंय की भीती आणि संकोच दाटले की कानावर पडणारी भाषा आत मुरत नाही. ही अडचण माध्यमाची नाही.

मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि विचारलं, “तुम्हाला कन्नड कसं आलं?”

“ते शिकलो कुठं? येतंय की आपलं!”

मग हळूहळू आठवत गेलं. शाळेत कन्नड विषय होता, पण बोलायला जमलं ते बेळगावात खोली घेऊन राहताना. घरमालकीण कन्नड, बसचे बोर्ड कन्नड, रविवार पेठेत भाव करताना अर्धं कन्नड, अर्धं मराठी. चुकलं तर समोरचा हसायचा आणि बरोबर शब्द सांगायचा. तिथं त्या बाई नव्हत्या, गिऱ्हाईक होत्या. म्हणून भीती नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज कॉलवर पहिल्यांदा मोकळा झाला.

त्यानंतर मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, शाळेशी मुलीनं आईसाठी बोलायचं नाही. लेकराच्या खांद्यावर दुभाष्याचं ओझं पडलं की घरातली नाती उलटी होतात, आणि आईचा संकोच आणखी घट्ट होतो. दुसरं, व्हिडिओ कमी करून वर्गात जायचं. कॅनडात नव्याने येऊन कायम वास्तव्य मिळालेल्यांसाठी केंद्र सरकारच्या खर्चानं ‘लिंक’ नावाचे मोफत भाषावर्ग चालतात. आधी चाचणी घेऊन पातळी ठरवतात. तिथल्या मोजपट्टीत 12 पातळ्या आहेत आणि ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं प्रत्येकाची पातळी वेगळी निघते. बाईंची वाचनाची वर आली, बोलण्याची बरीच खाली. त्या खट्टू झाल्या. पण वर्गात सीरियाचे, युक्रेनचे, चीनचे लोक होते आणि सगळेच चुकत बोलत होते. त्याचा उपयोग माझ्या समजावण्यापेक्षा जास्त झाला.

पुढं मुलीच्याच शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. लहान मुलं व्याकरण तपासत नाहीत, आणि चिडलेल्या पोराला शांत करायची हातोटी बाईंनी खानापुरातूनच नेली होती. तिथल्या सरकारी शाळांत पूर्ण शिक्षक व्हायचं तर ‘ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स’ या नियामक संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. तो रस्ता लांबचा. बाईंनी सध्या बालशिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा निवडलाय. त्यानंतरही नोंदणी करावी लागतेच. मला ही निवड योग्य वाटते, कारण शिकता शिकता कमाई सुरू राहते आणि बी.एड.चं मूल्यमापन, म्हणजे ती पदवी तिथं कितपत ग्राह्य धरतात याची तपासणी, करून घ्यायचं दार बंद होत नाही.

निघायच्या तयारीत असणाऱ्यांना एवढंच सांगेन: विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत दाखला, इथूनच मागवायची सोय करून जा. परदेशातल्या मूल्यमापन संस्था बहुतेकदा ते थेट विद्यापीठाकडूनच मागतात. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं. पदवी त्याआधीची असेल तर बहुधा धारवाडला कर्नाटक विद्यापीठात जावं लागेल, आणि तिकडून फोन करून ते काम उरकत नाही.